चादरी काढा, दिघेकाका लागत नाहीत

ट्रान्समीटर बनवायला एक माणूस पुरतो. तो चालतो की नाही हे बघायला दोन लागतात. पुस्तकांत ट्रान्झिस्टरचे नंबर असतात, तांब्याच्या तारेचे किती वेढे घ्यायचे ते असतं, बॅटरी उलटी लावू नका अशी सूचनाही असते. पण एकाने खोलीत बसून माइकसमोर "हॅलो, येतंय का?" म्हणायचं आणि दुसऱ्याने रेडिओ कानाशी धरून गच्चीवरून "येतंय!" असं ओरडायचं, हा जो दुसरा, तो कुठे मिळतो हे कोणी लिहीत नाही.

माधवराव दिघ्यांना तो एकोणतीस वर्षं घरातच मिळत होता. बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने संध्याकाळी सहाला उतरायचं, चहा घ्यायचा आणि खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढायचा, हा त्यांचा क्रम. डब्यात पाणीगेटजवळच्या जुन्या रेडिओंच्या दुकानातून आणलेले पार्ट. स्नेहलताबाई गॅस बारीक करायच्या, हात पदराला पुसायच्या आणि छोटा रेडिओ घेऊन गच्चीवर जायच्या. त्यांना व्होल्ट आणि अँपिअर यांत काही फरक करता येत नव्हता. पण त्यांची स्वतःची एक मोजपट्टी होती. तीन खुणा: 'येतंय', 'येतंय पण नाकातून' आणि 'येत नाही हो'. कारखान्यात माधवरावांच्या हाताखाली जपानी मीटर होती, पण इतकं अचूक मीटर त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं. 'नाकातून' आलं की कॉइलचा एक वेढा नखाने जरासा सरकवायचा, की आवाज स्वच्छ.

शेवटची चाचणी दिवाळीनंतर झाली. माधवराव नुकतेच रिटायर झाले होते आणि साबणाच्या डबीत मावेल असा नवा ट्रान्समीटर त्यांनी केला होता. त्यांनी खालून विचारलं, "येतंय का?"

वरून उत्तर आलं, "येत नाही हो."

"नीट धर."

"नीटच धरलाय."

"एरियल ओढ पूर्ण."

"ओढलंय. येत नाही."

असं पाच-सहा वेळा झाल्यावर माधवराव जिन्यात आले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "यंत्र ठीक आहे. तुझे कान गेलेत!"

स्नेहलताबाई खाली आल्या. रेडिओ फळीवर ठेवला, गॅस मोठा केला. पुढचे दोन दिवस घरात फक्त मीठ आणि गीझर या विषयांवर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, छातीत जळजळतंय, आणि दुपारी त्या नव्हत्या. कोणी काहीच करू शकलं नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकानेही तेच सांगितलं. कानांविषयी कोणी काही बोललं नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं.

हरणी रोडवरच्या त्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ओळीने सहा फ्लॅट होते आणि दिघ्यांचा सोडून पाचही फ्लॅटमध्ये सल्ला देणारी माणसं होती. शेजारच्या जशुबेन म्हणाल्या, "दिघेभाई, भजन मंडळमां आवो ने." टोकाच्या फ्लॅटमध्ये राहणारे चेअरमन उदयसिंहराव शिर्के म्हणाले, "दिघे, सकाळी माझ्याबरोबर फिरायला चला. मी एकशेवीस पावलं मिनिटाला चालतो." कोणी पोपट पाळा म्हणालं, कोणी चारधाम करा म्हणालं. बंगळुरूहून मुलगी मोहना दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "बाबा, वेळ जातो ना?" माधवराव "जातो" म्हणायचे. वेळ हा पाहुणा असता आणि जात नसता, तर निदान त्याला चहा तरी विचारता आला असता, पण हे एसटीडीवर सांगण्यासारखं नव्हतं.

मार्चमध्ये त्यांनी साबणाची डबी पुन्हा बाहेर काढली. यंत्र ठीक आहे, एवढं एकदा सिद्ध करायचं होतं. कोणापुढे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

आता दुसरा माणूस नव्हता. पण माधवराव पस्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेले. माणूस रजेवर असला तरी मशीन चालवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माइकसमोर गजराचं घड्याळ ठेवलं, फळीवरचा छोटा रेडिओ लावला, टिकटिक ऐकली, आणि तोच रेडिओ कानाशी धरून ते दाराबाहेर पडले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर टिकटिक. दुसरीवर टिकटिक. तिसरीवर शांतता. वर आले, टिकटिक. खाली गेले, शांतता. हे चाललं असताना जशुबेन भाजी घेऊन वर आल्या. रेडिओ कानाला लावून जिना चढणारा-उतरणारा माणूस त्यांनी क्रिकेटच्या दिवसांत पाहिला होता. त्यांनी धावा विचारल्या, "केटला थया?"

माधवराव म्हणाले, "तीन पायऱ्या."

जशुबेन आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्याकडून रोज वाटीभर डाळ येऊ लागली.

तीन पायऱ्या म्हणजे अपमान होता. माधवरावांनी बॅटरी बदलली, ट्रान्झिस्टर बदलला, पुन्हा तीन पायऱ्या. मग त्यांचं लक्ष एरियलकडे गेलं. लांब एरियल हवं, उंचावर हवं. गॅलरीत उभं राहून विचार करताना त्यांच्या डोळ्यांसमोरच ते होतं. सहा गॅलऱ्यांच्या बाहेरून, हुकाहुकांतून ओवलेली, दिघ्यांपासून शिर्क्यांपर्यंत गेलेली कपडे वाळवायची लोखंडी तार. पस्तीस-चाळीस हात सहज. त्यांनी डबीतून एक वायर काढून गॅलरीच्या कोपऱ्यात तारेला चिमट्याने अडकवली. शेजारी त्यांचा बनियन वाळत होता, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

रेडिओ घेऊन जिन्यात गेले. एक, दोन, तीन. शांतता.

इथे माधवरावांनी एक तर्क केला, आणि तो पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. त्यांनी ठरवलं की हा ट्रान्समीटर काही आपल्या दाराबाहेर जात नाही. जे बोलू ते आपल्याच घरात राहील. कारखान्यात कोणी पोराने असा निष्कर्ष काढला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, "मीटर तपासलंस का?" पण इथे विचारणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला त्यांनी घड्याळ बाजूला केलं. चाचणीला काहीतरी बोलायला हवं, म्हणून माइकजवळ वाकून म्हणाले, "हॅलो. येतंय का?" कोपऱ्यातल्या फळीवरच्या रेडिओतून त्यांचाच आवाज आला. मग म्हणाले, "स्नेहलता, गीझर बंद केलाय. तू विचारायच्या आधी सांगतो."

त्यानंतर हे रोजचं झालं. वीस मिनिटं, कधी पंचवीस. मोठं काही नसायचं. वाल भिजत घातले आणि विसरलो, त्यांना मोड येऊन आता झाडं येतील. मोहनाचा फोन होता, धाकटा पडला, दात हलतोय. चहाला अजून दोनच कप काढतो, मग एक परत ठेवतो. गच्चीतल्या तिच्या तीन खुणांची आठवणही एकदा त्यांनी तिलाच सांगितली, जणू तिला माहीत नव्हती: "नाकातून म्हणायचीस ना, तेव्हा मी वेढा सरकवायचो. आता कोण सांगणार."

आणि शेजाऱ्यांविषयी बोलणं यायचंच. संसारात नवराबायको संध्याकाळी दुसरं काय बोलतात? "जशुबेन डाळ पाठवतात. मन फार चांगलं आहे, पण डाळ नाही गं, पाक आहे. पोळीबरोबर खावी की पाण्यात घालून सरबत करावं, कळत नाही." "शिर्के पहाटे साडेपाचला गॅलरीत चुळा भरतात. माणूस चुळा भरतोय की हत्ती धुतोय?" "गंगाबाई खाटेखाली केर काढत नाही. मी बोलत नाही तिला. खाली तुझ्या चपला आहेत. कोणी हलवल्या तर मला चालणार नाही, म्हणून मीही नाही वाकत."

एप्रिलमध्ये सोसायटीत चमत्कार घडू लागले.

एके दिवशी डाळीत गूळ नव्हता. जशुबेननी वाटी देताना डोळे मोठे करून सांगितलं, "आजे गोळ नथी नाख्यो, हं." माधवराव संध्याकाळी स्नेहलताबाईंना म्हणाले की आता फार आंबट झाली, गूळ अगदी नसला तरी कसं चालेल. दुसऱ्या दिवशी बोटभर गूळ होता. चौथ्या दिवशी डाळ अशी जमली की माधवरावांनी दोनदा भात घेतला आणि म्हणाले, "बाईला आपोआप कळलं बघ."

पहाटेचा हत्ती नाहीसा झाला. त्याऐवजी शिर्क्यांच्या गॅलरीतून गुपचूप 'पिच्' असा आवाज येऊ लागला. मात्र जिन्यात भेटल्यावर शिर्के मिशीला ताव देत भलतीकडे बघू लागले.

आणि एका सकाळी गंगाबाईने न सांगता खाटेखालचा केर काढला. माधवराव धावत आत आले. चपला पुसलेल्या होत्या, आणि अगदी पूर्वीच्याच जागी, पूर्वीसारख्याच तिरक्या ठेवलेल्या होत्या. "चहा घेणार का?" असं त्यांनी विचारलं. गंगाबाई सात वर्षं त्या घरी काम करत होती. हा प्रश्न तिला त्यांनी पहिल्यांदा विचारला होता.

मेच्या सुरुवातीला दाराखालून नोटीस आली. सोसायटीचा शिक्का, खाली शिर्क्यांची सही. 'आपल्या फ्लॅटमधून होणाऱ्या विनापरवाना प्रक्षेपणामुळे सभासदांच्या टीव्हीवर आडव्या पट्ट्या दिसतात. परवाना सादर करावा अन्यथा प्रक्षेपण बंद करावे.'

माधवरावांना प्रथम राग आला. तीन पायऱ्या जाणाऱ्या गोष्टीने टोकाच्या घरात पट्ट्या कशा येतील? पट्ट्या केबलवाल्याच्या. शिर्क्यांनी गॅलरीतून डबी पाहिली असणार, बाकी काही नाही. मग त्यांनी नोटीस पुन्हा वाचली आणि 'प्रक्षेपण' या शब्दावर जरा रेंगाळले. आयुष्यभर घरचे आणि दारचे त्याला 'खटपट' म्हणत आले होते. सरकारी भाषेतला मान पहिल्यांदाच मिळत होता. तर मग परवानाच आणू, असं त्यांनी ठरवलं.

टपाल-तार कचेरीत पहिल्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "रेडिओनुं लायसन्स? ए तो क्यारनुं बंध थई गयुं, काका."

"ते ऐकायचं. मला बोलायचं हवंय."

"बोलवा माटे लायसन्स?" त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने तिसऱ्या टेबलाकडे बोट केलं. तिसऱ्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. तो आल्यावर त्याने सांगितलं की यासाठी परीक्षा द्यावी लागते, त्यात तारायंत्राची कट्ट-कडकट्ट ओळखावी लागते, आणि त्याआधी हा फॉर्म. माधवराव बाकावर बसले. नाव, वय, शिक्षण, यंत्राचं वर्णन. चार कलमं त्यांनी सुरेख अक्षरात भरली. पाचवं कलम होतं: 'ज्या व्यक्तीशी संपर्क साधावयाचा आहे तिचे नाव, पत्ता व अर्जदाराशी नाते.'

पंखा फिरत होता. माधवरावांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पस्तीस वर्षांत त्यांनी कुठल्या कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं: सौ. स्नेहलता माधव दिघे. पत्ता: वरीलप्रमाणे. नाते: पत्नी.

तिसऱ्या टेबलावरच्या माणसाने चष्मा वर केला. तो बडोद्याचा मराठीच निघाला. "काका, पत्ता एकच आहे."

"हो."

"एकाच घरात राहता, मग वायरलेस कशाला? आतल्या खोलीत हाक मारायची."

"मारतो," माधवराव म्हणाले. "ऐकू येत नाही."

"मग कानाच्या डॉक्टरकडे न्या त्यांना! इथे काय करताय?"

बाकीची दोन्ही टेबलं हसली. "त्यांचे कान चांगले आहेत," असं काहीतरी माधवराव म्हणाले, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. फॉर्म त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि बसने घरी निघाले. रस्ताभर त्यांना एकच प्रश्न पडला होता. कान चांगले आहेत, असं आपण आत्ता का म्हणालो?

सोसायटीत पोचायला पावणेसात झाले. जिना चढताना त्यांना शिर्क्यांच्या सुनेचा, शर्वरीचा आवाज ऐकू आला. ती टोकाच्या गॅलरीतून ओरडत होती, "गंगाबाई, अहो गंगाबाई! त्या चादरी काढा, दिघेकाका लागत नाहीत!"

माधवराव तिसऱ्या पायरीवर थांबले.

गंगाबाई जशुबेनच्या दारातच भेटली, हातात ओल्या चादरींचा गठ्ठा. त्यांनी विचारलं, "मी कुठे लागत नाही?"

गंगाबाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा चादरींकडे पाहिलं. "ओल्या चादरी तारेवर असल्या की तुमचं खरखरतं, काका. आज तर काहीच येईना, म्हणून…"

"कोण ऐकतं?"

"सगळेच. दीड महिना झाला. सूनबाई स्टेशन शोधत होत्या, तर तुम्ही लागलात. वाल विसरलात ना, त्या दिवशी."

"सगळे म्हणजे?"

"शिर्केसाहेब सोडून."

"ते नाही ऐकत?"

"ते बाहेर बसून नाही ऐकत. आतल्या खोलीत बसून ऐकतात."

माधवरावांनी दार लावलं. चेहरा कुठे ठेवावा हे त्यांना समजेना. घरात ठेवायला जागा भरपूर होती आणि बघणारं कोणी नव्हतं, तरी समजेना. पाक, हत्ती, दोन कप, चपला. पाच घरांत. त्यांनी चिमटा तारेवरून काढला, डबी उघडून बॅटरी काढली, डबी पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा खाटेखाली लोटला. चपलांना लागणार नाही इतपत.

मग त्यांच्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. ट्रान्समीटर टोकाच्या आतल्या खोलीपर्यंत जातो. मग जिन्यात तिसऱ्या पायरीवर का जात नाही?

त्यांनी फळीवरून छोटा रेडिओ काढला आणि मागचे चार स्क्रू सोडवले. एरियलच्या मुळाशी असलेली बारीक लाल तार सोल्डरपासून सुटून बाजूला पडली होती. तुटलेलं टोक काळं पडलं होतं. म्हणजे आजचं नव्हतं, खूप दिवसांचं. एरियल कितीही ओढलं तरी उपयोग नव्हता. एकाच खोलीत असताना ऐकू यायचं, गच्चीवर नाही. येत नव्हतं. ती सांगत होती, येत नाही हो. सहा वेळा सांगत होती.

सोल्डरिंग अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्यांना ते करायला एक तास लागला.

पुढचे दोन दिवस साडेसहाला ते डबा ओढून बंद डबीसमोर बसून पाहत होते. स्नेहलताला हे सांगायला तर हवं होतं. पण बंद माइकसमोर बोलणं म्हणजे मनात बोलणं, आणि मनात ते सहा महिने बोलतच होते. तिथून काही कुठे जात नव्हतं. आणि माइक चालू करायचा तर पाच घरं. जिन्यात उभं राहून 'तुझे कान गेलेत' म्हणताना पाच घरांची लाज वाटली नव्हती, हेही त्यांना आठवलं.

डाळ दोन्ही दिवस आली.

तिसरा दिवस सोमवार होता, सगळ्या घरांत चादरी धुण्याचा. सहा-पंचवीसला माधवराव गॅलरीत आले, आणि पाहतात तर तार रिकामी. त्यांच्या हुकापासून टोकापर्यंत एक रुमालही नाही. चादरी होत्या, पण त्या खाली खुर्च्यांवर, गेटवर, बाकावर आणि एक शिर्क्यांच्या स्कूटरवर पसरलेली. टोकाच्या गॅलरीत स्वतः उदयसिंहराव तारेवरचा शेवटचा बनियन काढत होते. माधवरावांना पाहून ते हवेलाच उद्देशून म्हणाले, "गंज चढलाय तारेला. कपड्यांना डाग पडतात." आणि बनियन काखेत मारून ते तिथेच उभे राहिले.

माधवरावांनी चिमटा लावला. आत जाऊन बॅटरी बसवली.

"हॅलो," ते म्हणाले. "स्नेहलता, तू म्हणत होतीस ते खरं होतं. येत नव्हतं. रेडिओची तार तुटली होती, मी बघितलीच नाही. तुझे कान… तुझे कान चांगले होते. मी उगीच ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय."

मग इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून एवढंच निघालं, "येतंय का?"

मग शेजारच्या गॅलरीतून जशुबेनचा आवाज आला, "आवे छे, दिघेभाई. चोख्खुं आवे छे."

टोकाकडून कोणीतरी मोठ्याने खाकरलं. चेअरमन कोणाला सहजासहजी पूर्ण मार्क देणारे नव्हते.

"येतंय, दिघे," उदयसिंहराव ओरडले. "पण नाकातून!"

माधवरावांनी डबीचं झाकण काढलं, चष्मा पुसला, आणि कॉइलचा एक वेढा नखाने जरासा सरकवला.

"आता?" त्यांनी विचारलं.